कुलपातली घाई

१

अकोल्याला जठारपेठेतल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत, मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी साडेसात वाजता एक हाड अवेळी जन्माला आलं. त्याला सहा तास लागायचे होते. ते सहा सेकंदांत आलं, आणि आलं तेच नासलेलं.

हाड म्हणजे अंगातलं नव्हे. वरूडच्या संत्रा पॅकिंगवाल्यांची मुलगी अपेक्षा तिथे संशोधन करत होती. आपल्या हाडांत जो चुन्याचा क्षार असतो, तोच ती काचेच्या भांड्यात, पाण्यात बनवायची. पुढे दातांच्या डॉक्टरांनी जबड्याच्या पोकळीत भरावा म्हणून. यातली सगळी करामत सावकाशीत. कॅल्शियम आणि फॉस्फेट थोड्या आम्लाच्या पाण्यात विरघळवून ठेवायचं. आम्ल आहे तोवर दोघं गुपचूप बसतात. मग त्यात युरियाचं पाणी ओतून मंद तापवायचं. तापलं की युरिया हळूहळू मोडतो, अमोनिया इवला इवला सुटतो, आम्ल उतरत जातं, आणि क्षार एकेक कण करत सुयांसारखा बसतो. सहा तास. घाई झाली की दूध फाटावं तसे गोळे.

दुपारी लाइटचा भरवसा नाही, म्हणून अपेक्षा दोन्ही पाणी आदल्या संध्याकाळी बनवून, वेगवेगळ्या बाटल्यांत, कपाटात कुलपात ठेवायची. सकाळी आल्या आल्या ओतून शेगडी लावायची. त्या सोमवारी तिनं ओतलं, आणि शेगडीचं बटण दाबायच्या आधीच भांडं पांढरंफट्ट झालं. शुक्रवारीही असंच झालं होतं.

कुलूप शाबूत होतं. किल्ली एकीकडेच होती. जमुनाबाईकडे.

विभागप्रमुख कुलदीप गावंडे सरांनी भांड्यात पाहिलं, मग कुलपाकडे पाहिलं, मग जमुनाबाईकडे पाहिलं.

"बुधवारी पाच वाजता मी अमरावतीला पत्र पाठवतो," ते म्हणाले. "तोवर कोणाला काही सांगायचं असेल, तर सांगावं."

२

जमुनाबाई त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं कामाला. नळ्या धुवायच्या, पाण्याची वाफ धरून ते शुद्ध पाणी कॅनमध्ये भरायचं, कपाटं सांभाळायची. एकोणीस वर्षं, पण दर एकतीस मेला करार संपायचा आणि एक जूनला नवा व्हायचा. तो व्हायचा की नाही, हे संस्थेचं अमरावतीचं मुख्य कार्यालय ठरवायचं, आणि ते गावंडे सरांच्या पत्रावरून ठरवायचं.

संध्याकाळी ती भिंतीपलीकडच्या बद्रुद्दीनचाचाकडे आली. चाचा अडुसष्ट वर्षांचा. एमआयडीसीतल्या सोयाबीनच्या तेलगिरणीत एकतीस वर्षं माल तपासायला होता. आता रिकामा. मे महिन्यात डांबर वितळलं की त्यावर कुत्र्यांचे पाय उमटतात. ते ठसे पाहून कुत्रा कोणत्या वॉर्डातला हे आपण सांगतो, असं त्याचं म्हणणं होतं. एकदा त्यानं सांगितलंही. कुत्र्याकडून कोणी खात्री करून घेतली नाही, एवढंच.

"चाचा, मी काई केलं नाई," जमुनाबाई म्हणाली.

"ते मले माहीत हाय."

"कसं माहीत?"

"तुले काई करायचं असतं, तं तू ते पुसून, धुवून, जागच्या जागी ठेवलं असतं. कोनाले पत्ता लागला नसता."

ती हसली नाही. "उन्नीस वर्सात माह्या हातून काचेची एक नळी फुटली नाई, चाचा. आन् आता म्हनतात, मुद्दाम केलं."

चाचानं विडी विझवली. "उद्या येतो मी. गावंडे मले वयखते. दरसाल पोराईले घेऊन गिरणीत यायचा, तवा मीच समजावून सांगो."

"तुमाले जमन का पन?"

"अवं, मी काय काय शोधलं, तुले सांगू का?"

"नका सांगू," जमुनाबाई घाईनं म्हणाली. "नुसते या."

३

मंगळवारी सकाळी गावंडे सरांनी त्याचं हसून स्वागत केलं. "या, या, इन्स्पेक्टर साहेब! पाहा तुम्हीच. मला काय हौस आहे बाईच्या पोटावर पाय द्यायची? पण कुलूप शाबूत, किल्ली एक. तुम्ही काय म्हणाल?"

"मी अजून काईच म्हनत नाई, सर. मी फक्त चहा म्हनतो."

चहा जमुनाबाईनंच आणला. बशीत एक थेंबही सांडला नव्हता; चाचाला त्याचंच वाईट वाटलं.

अपेक्षाचा शेजारी नितेश. तोही संशोधन करणारा, तोच क्षार तोही पाण्यातच बनवायचा. पण त्याची रीत उलटी: थेट अमोनिया ओतायचा आणि दोन मिनिटांत पूड काढायची. त्याची पूड जाडीभरडी यायची, अपेक्षाची सुयांसारखी. महिन्याच्या सुरुवातीला तिचं पहिलं भांडं इतकं सुरेख जमलं की सरांनी त्याचा फोटो दारावर लावला. नितेशच्या टेबलासमोरच्याच दारावर.

"जळून राहिला होता का तू?" चाचानं सरळ विचारलं.

"जळून राहिलोच होतो," नितेश म्हणाला. "कोन नाई जळणार? पन माह्याकडे किल्ली नाई, चाचा."

"आन् ही तुही अमोनियाची बाटली. हिच्यावर तारखेची रेघ हाय. रेघेच्या खाली चार बोटं गेली हाय."

नितेशचा चेहरा उतरला. "झाकन ढिलं राहिलं. या गरमीत उडून जाते तो."

"चार बोटं?"

"पंचेचाळीस डिग्री हाय बाहेर! मीच अर्धा उडून गेलो, तिथं अमोनियाचं काय घेऊन बसले?"

चाचा अपेक्षाकडे वळला. "पोरी, सकाळी बाटली उघडली, तवा वास आला होता का?"

अपेक्षा दचकली. "आला होता. युरियाच्या बाटलीचं बूच काढलं अन् नाकात झणकन गेला. गोठ्यात गेल्यासारखा."

अमोनियाचाच वास तो. खोलीत सगळे नितेशकडे पाहू लागले. नितेश भिंतीकडे पाहू लागला.

४

"थांबा," चाचा म्हणाला. "घाईनं सगळं नासते, हे तुमीच मले शिकवून राहिले. पोरी, दोन्ही पाणी एकमेकांत ओतलं, तवा फेस आला होता का?"

अपेक्षाचं तोंड उघडंच राहिलं. "तुमाले कोनं सांगितलं? मी तर कोनालेच बोलली नाई. गोळे पाहून फेसाचं डोक्यातूनच गेलं."

"आला होता?"

"लिंबात सोडा टाकल्यासारखा. भांड्याच्या काठापर्यंत."

"मंग हा पोरगा सुटला," चाचा म्हणाला, आणि नितेशनं रोखून धरलेला श्वास सोडला.

गावंडे सर खुर्ची ओढून पुढे झाले. आता त्यांना मौज वाटू लागली होती. "ते कसं काय?"

"सर, तुमाले मी काय शिकवू? अमोनिया आम्लात ओतला तं वास येईन, गोळे येतीन, पन फेस येनार नाई. कोनी धुन्याचा सोडा टाकला असता, तं फेस आला असता, पन वास आला नसता. वास बी हाय आन् फेस बी हाय, अशी एकच गोष्ट हाय."

सर हळूच म्हणाले, "युरिया मोडला."

"कुलपातल्या कुलपात मोडला. शेगडीवर सहा तासात जे व्हायचं, ते कपाटात रातभरात होऊन गेलं. अमोनिया बाटलीत तयार होऊन बसला होता, संगं सोड्यातला फेसाचा वायू बी. सकाळी आम्लाची गाठ पडली, आन् सगळा एकदम तुटून पडला. कोनी बाटली बदलली नाई. कोनी कपाट उघडलं नाई."

दारात उभ्या जमुनाबाईनं पदराचं टोक घट्ट धरलं.

"पण चाचा," सर म्हणाले, "युरियाचं पाणी बाटलीत महिनाभर ठेवलं तरी काही होत नाही. अकोल्याचा मे असला तरी. त्याला मोडायला आच लागते."

"आच लागते, नाई तं..." चाचा थांबला. "तुमाले गिरणी आठवते? पेंड कच्ची की भाजलेली, हे मी कसा पाहो?"

सरांना आठवलं, आणि आठवलं तसं त्यांनी खुर्ची मागे सारली. गिरणीतली ती रीत साधी होती. चिमूटभर पेंड युरियाच्या पाण्यात टाकायची, वर लाल रंगाच्या औषधाचा थेंब. पेंड नीट भाजलेली असली तर पाणी पिवळं राहायचं. कच्ची असली की गुलाबी. कच्च्या सोयाबीनच्या दाण्यात असं एक द्रव्य असतं, की ते युरियाला आचेशिवाय मोडतं, आणि उकाडा जितका जास्त, तितकं ते चेवानं काम करतं.

"म्हणजे कोणीतरी बाटलीत सोयाबीन टाकलं?" नितेश म्हणाला, आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की त्याच्या डब्यात आज सोयाबीनच्या वड्यांची भाजी आहे. तो पुन्हा भिंतीकडे पाहू लागला.

"वड्या भट्टीतून निघते रे," चाचा म्हणाला. "त्याच्यातलं ते मरून जाते. कच्चा दाणा पाह्यजे. कच्चा, भिजलेला. कुठं हाय तो?"

५

तो संध्याकाळपर्यंत सापडला नाही. चाचानं कपाट पाहिलं, बाटल्या पाहिल्या, बुचं पाहिली. प्रत्येक वस्तू शुद्ध पाण्यानं विसळायची, ते पाणी दोन नळ्यांत घ्यायचं, एकीत युरिया टाकायचा, एक तशीच ठेवायची, दोन्हीत औषधाचा थेंब. पिवळं. पिवळं. पिवळं. त्यानं अपेक्षाची ओढणी विसळली, नितेशची चप्पल विसळली. शेवटी स्वतःची टोपी विसळली. ती वाळायला पंधरा मिनिटं लागली, आणि चाचाच्या मते अकोल्याच्या इतिहासात मे महिन्यात वाळायला इतका वेळ दुसऱ्या कोणत्याच टोपीनं घेतला नाही.

मग एक अजब गोष्ट झाली. तासाभरानं त्यानं नळ्यांच्या घोडीकडे पाहिलं, तर युरिया घातलेल्या सगळ्याच नळ्या गुलाबी झाल्या होत्या. बाटलीची, बुचाची, ओढणीची, चपलेची, टोपीची. युरिया न घातलेल्या सगळ्या पिवळ्या.

"सगळ्याईत कसं काय?" अपेक्षा कुजबुजली.

चाचा नळ्यांकडे पाहत राहिला. टोपीत आणि चपलेत आणि ओढणीत एकच गोष्ट सामाईक होती. ज्यानं त्या विसळल्या, ते पाणी.

त्यानं कोपऱ्यातल्या रुंद तोंडाच्या वीस लिटरच्या कॅनमधून नुसतं पाणी घेतलं, नवीन नळीत, नवीन युरिया. पाऊण तास सगळे तिच्याभोवती उभे राहिले. नळी गुलाबी झाली.

"कॅनमध्येच हाय," चाचा म्हणाला. "पोरगी यातलंच पाणी घेऊन युरिया विरघळवते. पयलं भांडं जमलं, तवा पाणी चांगलं होतं. मधात कवातरी बिघडलं. शुक्रवारच्या आधी." त्यानं सरांकडे पाहिलं. "सर, या मजल्यावर कच्चं सोयाबीन कुठं हाय?"

गावंडे सर क्षणभर गोंधळले, मग मोठ्यानं हसले. "अरे देवा! माझ्याच खोलीत आहे की!"

प्रयोगशाळेला लागूनच सरांची खोली. कूलरच्या मागे, गारव्याला, गोणपाटाची एक ओली गुंडाळी उभी ठेवलेली होती. सरांची वलगावला शेती. पेरणीआधी घरचं बियाणं किती उगवतं ते पाहायला शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवडाभर ओल टिकवायची, मग कोंब मोजायचे. सगळ्या वऱ्हाडात करतात तसंच. सरांच्या घरी उंदीर, म्हणून गुंडाळी कॉलेजात. गेल्या बुधवारपासून.

"बुधवारी गुंडाळी, शुक्रवारी नासाडी," चाचा म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता. एकतीस वर्षं त्यानं पेंड तपासली, पण इतकी माणसं श्वास रोखून त्याच्या नळीकडे कधी पाहत उभी नव्हती. त्यानं गुंडाळी दोन हातांनी उचलली. "आता एकच सवाल राहिला. मुद्दाम कोनी केलं नाई, हे तं दिसूनच राहिलं. पन या दाण्याईचं पाणी त्या कॅनमध्ये गेलं कसं? सर, या गोणपाटाले पाणी कोन मारते?"

नितेश आणि अपेक्षा दोघांनी एकाच वेळी मान खाली घातली. त्या दोघांना माहीत होतं. चाचाच्या लक्षात आलं की ते फक्त त्यालाच माहीत नव्हतं.

"मी मारते," दारातून जमुनाबाई म्हणाली.

६

चाचाला तो सवाल तोंडातून परत ओढून घ्यायचा होता. पण जमुनाबाईला विचारलं होतं, म्हणून ती सांगू लागली. सांगताना तिनं काहीच लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

"सर म्हनले, बाई, याच्यावर चांगलं पानी मारत जा. नळाचं पानी तं खारं येते. खाऱ्यावर दाना कसा निंघन? चांगलं पानी म्हंजे कॅनचंच. पन कॅनचं पानी वरून ओतलं, तं खाली सांडते, वाया जाते. ते बनवाले लाइट लय लागते, सर दरवेळी बोलतात. म्हनून मी गुंडाई कॅनमध्येच बुडवो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आन् वर काढली का तिथंच पिळून घेवो, कॅनवरच." ती थांबली. "एक थेंब सांडला नाई सर. खरंच सांगते."

कूलर तेवढा घरघरत होता.

"मी ओलं ठेवा म्हणालो होतो," गावंडे सर शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. "कॅनमध्ये बुडवा असं नव्हतो म्हणालो, बाई."

"तुमी कुठं म्हनले?" जमुनाबाई म्हणाली. "मीच बुडवली."

"सर," चाचा म्हणाला, "काम तुमचं होतं. गुंडाई तुमची."

"अहो, मी कुठे नाही म्हणतोय? पण पत्रात काय लिहू? दोन भांडी गेली, अपेक्षाचा आठवडा गेला. माझ्या शेतीचं बियाणं मी कॉलेजात आणलं, हे लिहू? मग माझ्याबद्दलच पत्र वर जाईल." ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी चाचासमोरच कॉम्प्युटर उघडला, तयार असलेल्या पत्रातला 'हेतुपुरस्सर' हा शब्द स्वतःच्या हातानं काढला आणि तिथे 'निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं. "एवढं मी करू शकतो, चाचा. बाईवर बालंट नको." बुधवारी पाच वाजता त्यांनी बटण दाबलं. अमरावतीला पोचायला त्याला सेकंदही लागला नाही.

गुरुवारी चाचा अमरावतीच्या बसमध्ये बसला. मुख्य कार्यालयात रागिणी नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. गोणपाट, दाणे, गुलाबी नळ्या, पत्रातला बदललेला शब्द. त्या दोनदा हसल्या. एकदा तर त्यांनी शेजारच्या टेबलावरच्यालाही बोलावलं.

"चाचा, तुम्ही फार हुशार आहात," त्या म्हणाल्या. "पण एक सांगू? पहिलं पत्र आलं असतं, तर बरं झालं असतं. मुद्दाम केलं म्हटलं की आम्हाला चौकशी लावावी लागते. समिती, जबाब, साक्षी. सहा महिने कुठे जात नाहीत. चौकशी चालू आहे तोवर बाई कामावरच राहतात, आणि शेवटी काहीच निघत नाही. निष्काळजीपणाला चौकशी नाही लागत. त्याला फक्त करार वाढवायचा नाही. ते काल संध्याकाळीच झालं."

"आन् आता बदलता येईन का?"

"अर्ज द्या. बैठकीत ठेवू."

"बैठक कवा हाय?"

रागिणी मॅडमनी कॅलेंडर उलटलं, आणखी उलटलं, आणि मग पानं परत मे महिन्यावर आणली.

परतीच्या बसमध्ये चाचानं डोळे मिटून घेतले. जे कुलपात सहा महिने पडून राहिलं असतं, ते त्याच्याच सवालानं एका संध्याकाळी मोडलं होतं.

घरी पोचला, तेव्हा जमुनाबाई भिंतीपाशी उभीच होती. अपेक्षाचा फोन येऊन गेला, ती म्हणाली. नवीन पाण्यात भांडं नीट बसलं, बरोबर सहा तास लागले. पोरगी फोनवर रडत होती. "मी म्हटलं, अवं रडतं काहून? चांगलं झालं न." मग तिनं विचारलं, "त्याईनं काय सांगतलं?"

"मुद्दाम केलं, असं आता कोनी म्हनत नाई," चाचा म्हणाला. "तो शब्द काढून टाकला."

"आन् त्या जाग्यावर काय लिवलं?"

चाचानं सांगितलं.

जमुनाबाई भिंतीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. एकोणीस वर्षं नळ्या धुतलेले ते हात; नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या.

"निष्काळजी?" ती म्हणाली. "मले?"

"जमुना..."

"मले बदमाश म्हना न चाचा. चोर म्हना. लोकं काई बी म्हनतात, आन् ते खोटं असते, हे मले मालूम राह्यते. पन निष्काळजी?" तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "मी एक थेंब सांडू नाई दिला. म्हनून तं हे झालं."

रागिणी मॅडमनी सांगितलेली सहा महिन्यांची गोष्ट चाचाच्या जिभेवर आली आणि त्यानं ती गिळून टाकली.

जमुनाबाईनं पदरानं तोंड पुसलं, आधी एक गाल, मग दुसरा, नीट.

"चाचा, एक काम करान? उद्या पुन्हा जा न अमरावतीले. त्याईले म्हना, नोकरी नका देऊ. पन तो पयला शब्द होता न, तोच राहू द्या."